प्रवासातली लेन्स: किती ग्रॅम उचलायचे आणि कशासाठी

खिरेश्वरहून टोलार खिंडीकडे चढताना वाटेत एक मावशी लिंबू सरबत घेऊन बसतात. मागच्या हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर जाताना तिथे टेकले, सॅक उतरवली आणि पाण्याची बाटली काढण्यासाठी आधी कॅमेऱ्याची पिशवी उपसून बाजूला ठेवली. मावशींनी विचारलं, "फोटोचं मशीन आहे ना ताई? मग आत कशाला कोंबलंय?"

जड होतं म्हणून. गळ्यात अडकवलं की तासाभरात मान भरून यायची आणि कातळावर हात टेकायला वाकले की ते पुढे झुलून दगडावर आपटायला बघायचं. म्हणून ते सॅकमध्ये गेलं. पहाटे धुक्यातून वर येणारी गुरं, त्यांच्यामागे डोक्यावर इरलं घेतलेला म्हातारा, पहिलं ऊन पडलेली खिंड, हे सगळं मी नुसतं डोळ्यांनी पाहिलं. सॅक उतरवून, चेन उघडून, कॅमेरा काढेपर्यंत म्हातारा वळणाआड गेला होता.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं ठेवून पाहिलं. निकॉन झेड ६ ही बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बॅटरी आणि कार्डासकट ६७५ ग्रॅम. तिच्यावर जुन्या लेन्स बसवण्यासाठीचा एफटीझेड अडॅप्टर, १३५ ग्रॅम. त्यापुढे माझी जुनी २४-७० एफ २.८ लेन्स (२४ ते ७० मिमी झूम होणारी; एफचा अर्थ पुढे येतो), ९०० ग्रॅम. एकूण १,७१० ग्रॅम. यातलं निम्म्याहून जास्त वजन एकट्या लेन्सचं होतं आणि ती हातापासून सर्वांत लांब होती. कळशी कमरेवर घेतली तर मैलभर नेता येते, तीच हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत खाली ठेवावी लागते. माझ्या लेन्सची लांबी १३३ मिमी, अडॅप्टरची आणखी साधारण ३० मिमी. म्हणजे एक किलोहून जास्त वजन मी हात लांब करूनच धरत होते.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली नवी बॉडी घेतली, पण पैसे वाचवायला जुनीच लेन्स अडॅप्टरवर ठेवली, अशी माझ्यासारखी मंडळी खूप आहेत. नवीन हलकी लेन्स घ्यायची का, हा प्रश्न त्यांना कधी ना कधी पडतोच. त्याचं उत्तर द्यायला आधी हे कळायला हवं की ते ९०० ग्रॅम नेमके कशासाठी होते.

एफ २.८ चं वजन

एखादी लेन्स हातात घेऊन खिडकीसमोर धरा आणि समोरच्या काचेतून आत बघा. आत एक उजळ गोल दिसतो. प्रकाश आत यायची ती खिडकी. एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थला (लेन्सचा मिमीमधला आकडा; तो जेवढा मोठा तेवढं दृश्य जवळ दिसतं) या खिडकीच्या व्यासाने भागून आलेली संख्या. ७० मिमीवर एफ २.८ हवा असेल तर ७० भागिले २.८, म्हणजे २५ मिमी व्यासाची खिडकी लागते. एफ ४ पुरत असेल तर १७.५ मिमीची. संख्या जेवढी लहान तेवढी खिडकी मोठी, हा उलटा हिशोब नवशिक्यांना गोंधळात टाकतो. भागाकार डोळ्यासमोर आणला की तो गोंधळ राहत नाही.

२५ आणि १७.५ मध्ये फरक थोडाच वाटतो. पण प्रकाश येतो तो क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळाच्या हिशोबात मोठी खिडकी लहानीच्या जवळपास दुप्पट भरते. या दुपटीला फोटोग्राफर 'एक स्टॉप' म्हणतात. एफ २.८ वरून एफ ४ वर आलात की एक स्टॉप, म्हणजे अर्धा प्रकाश गेला.

आता वजन. भाकरीचा व्यास दुप्पट केला तर पीठ चौपट लागतं. लाडवाचा व्यास दुप्पट केला तर आठपट. लेन्समधली काच या दोघांच्या मधे कुठेतरी येते: खिडकी रुंदावली की काच नुसती रुंद होत नाही, तिचा फुगवटा सांभाळायला ती जाडही करावी लागते. शिवाय मोठ्या काचेच्या कडेने येणारे किरण नीट एका ठिकाणी आणायला जास्तीच्या काचा घालाव्या लागतात, आणि हा सगळा पसारा तोलून धरणारी नळीही तेवढीच दणकट लागते. एका स्टॉपसाठी वजन जवळपास दुप्पट होतं ते यामुळे. माझी २४-७० एफ २.८ ही ९०० ग्रॅमची, तर निकॉनचीच मिररलेससाठी बनवलेली २४-७० एफ ४ ही ५०० ग्रॅमची. तिला अडॅप्टर लागत नाही, म्हणजे प्रत्यक्षात १,०३५ च्या जागी ५००.

थोडक्यात, मी पाचशेहून जास्त ग्रॅम एका स्टॉपसाठी उचलत होते. तो एक स्टॉप प्रवासात किती वेळा वापरला जातो, एवढंच तपासायचं उरलं.

अंधार दोन प्रकारचा असतो

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. मधोमध भलंमोठं शिवलिंग, सभोवती कमरेएवढं गारठलेलं पाणी, आणि चार खांबांपैकी आता एकच शाबूत. दुपारीही आत संधिप्रकाशच असतो. एफ २.८ शिवाय इथे काय करणार, असं मला आधी वाटायचं.

माझ्या जुन्या फोटोंपैकी एक असा होता: एफ २.८, शटर १/६० सेकंद (प्रकाश आत यायचा वेळ), आयएसओ ६४०० (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो). एफ ४ वर अर्धा प्रकाश येणार, म्हणून शटर दुप्पट वेळ उघडं ठेवायचं: १/३०. पण खांब आणि शिवलिंग काही हलत नाहीत. हलतो तो माझा हात. आणि हात हलण्यावर आता औषध आहे. आजकालच्या बऱ्याच मिररलेस बॉडीमध्ये सेन्सरच, म्हणजे चित्र टिपणारा भागच, तरंगता बसवलेला असतो, हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने तो सरकतो. त्यामुळे दगडी कठड्याला कोपर टेकवून, श्वास रोखून १/८ सेकंदाचा फोटोही स्वच्छ येतो. १/३० वरून १/८ वर आलं की दोन स्टॉप हातात आले, म्हणजे आयएसओ ६४०० वरून १६०० वर आणता येतो. हलक्या लेन्सने काढलेला फोटो जड लेन्सच्या फोटोपेक्षा कमी दाणेदार निघतो. हे स्थिरीकरण जड लेन्सलाही मिळतं हे खरं. पण जुनी, स्वतःचं स्थिरीकरण नसलेली लेन्स अडॅप्टरवर लावली तर झेड ६ पाचऐवजी तीनच प्रकारच्या हालचाली सावरते. लेन्सने स्वतःची ओळख नीट करून दिली तरच बॉडीला पूर्ण काम करता येतं.

अजिंठ्याच्या लेण्यांतही हेच. फ्लॅश चालत नाही, उजेड मंद असतो, पण पद्मपाणी दीड हजार वर्षं जागेवरच उभा आहे. तिथे एक स्टॉप गेल्याची खंत करू नये. पाय रोवून हळू शटर वापरावं.

दुसरा अंधार वेगळा. आषाढातली संध्याकाळ, पावसाची भुरभुर, पालखी मुक्कामाला आलेली आणि एक दिंडी मृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळतेय. टाळ धरलेले हात वर गेलेत, पाय जमिनीवरून सुटलेत. इथे सेन्सर कितीही तरंगू दे, उडी मारणारा वारकरी १/८ सेकंदात पुसटच येणार. स्थिरीकरण तुमचा हात थांबवतं, समोरच्याचा पाय थांबवत नाही. १/२५० शटर हवंच. एफ २.८ वर ते आयएसओ ३२०० ला जमत असेल, तर एफ ४ वर ६४०० लागेल. गेलेला स्टॉप इथे खरोखर जाणवतो, आणि हलकी लेन्स विकणारं कोणी काहीही म्हणो, तो भरून काढायचा सोपा उपाय त्या लेन्समध्ये नाही.

उपाय लेन्सच्या बाहेर आहे, आणि मला तो समजायला फार वर्षं लागली. हलक्या झूमसोबत एक छोटी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स ठेवायची. निकॉनची ४० एफ २ फक्त १७० ग्रॅमची आहे. एफ २ म्हणजे एफ ४ च्या चौपट प्रकाश आणि माझ्या जड झूमच्याही दुप्पट. ५०० अधिक १७०, झाले ६७०. दोन लेन्स मिळून एका जुन्या लेन्सपेक्षा हलक्या, आणि खऱ्या अंधारात तिच्याहून सरस. चाळीसवर झूम नाही हे खरं, पण दिंडीत तुम्ही पुढे-मागे सरकू शकता. वारकरी जागा करून देतात, "या माउली" म्हणून.

मागचं धूसर व्हायला हवं ना?

एफ २.८ न सोडण्याचं दुसरं कारण सगळे हेच सांगतात. मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळायला हवी. इथे पुन्हा खिडकीचा व्यास आठवा. चेहरा फोटोत तेवढाच मोठा ठेवला, तर दूरच्या पार्श्वभूमीची धूसरता खिडकीच्या व्यासावर ठरते, एफ नंबरवर नाही. ७० मिमी एफ २.८ ची खिडकी २५ मिमीची. आता निकॉनची दुसरी एक लेन्स घ्या, २४-१२० एफ ४, वजन ६३० ग्रॅम. १२० भागिले ४, म्हणजे ३० मिमी. दोन-तीन पावलं मागे जाऊन १२० वर फोटो काढला तर एफ ४ च्या लेन्सनेही मागचा डोंगर जड लेन्सपेक्षा जास्त विरघळतो. हे पहिल्यांदा गणित करून पाहिलं तेव्हा माझाच विश्वास बसला नव्हता. मग गच्चीत भाचीला उभं करून दोन्ही लेन्सने फोटो काढले, मागे शेजारच्या इमारतीवरची पाण्याची टाकी होती. १२० वरच्या फोटोत टाकीचा नुसता काळा ढग झाला होता. जुन्या लेन्समध्ये तिची शिडी ओळखू येत होती.

ऑटोफोकस कसा चालतो

अंगठा नाकासमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला तर उडी मोठी, लांब नेला तर लहान. फेज डिटेक्शन नावाचा ऑटोफोकस याच तत्त्वावर चालतो. कॅमेरा लेन्सच्या डाव्या कडेतून आलेलं चित्र आणि उजव्या कडेतून आलेलं चित्र शेजारी ठेवून बघतो. दोन्ही जुळली तर फोकस बरोबर. जुळली नाहीत तर ती किती आणि कुठल्या बाजूला सरकलीत यावरून काच किती, कुठे हलवायची हे एका दमात कळतं. चाचपडावं लागत नाही.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या डिजिटल कॅमेऱ्यात, हे काम आरशाच्या खाली बसवलेला वेगळा सेन्सर करायचा. फोटो टिपणारा सेन्सर वेगळा, फोकस मोजणारा वेगळा. दोघांत केसाएवढा फरक पडला तरी डोळ्यांऐवजी कानावर फोकस यायचा आणि मग प्रत्येक लेन्ससाठी बॉडीत बारीक जुळवाजुळव करावी लागायची. मिररलेसमध्ये मोजणारे बिंदू फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच असतात. ती कटकट मुळातूनच गेली. वर चित्र सतत सेन्सरवर असल्यामुळे कॅमेरा चेहरा आणि डोळाही ओळखू शकतो.

कुठे जायचं ते कळलं, पण जायचं तर काच हलायला हवी. माझ्या जुन्या लेन्समध्ये त्यासाठी कडीच्या आकाराची अल्ट्रासोनिक मोटर आहे. जोरकस, जड काच ढकलायला उत्तम. नव्या हलक्या झूममध्ये बहुधा स्टेपिंग मोटर असते. ती ठरावीक बारीक पावलांनी चालते, आवाज जवळपास करत नाही, पण तिला जड ओझं झेपत नाही. म्हणून लेन्स बनवणारे फोकससाठी हलवायचा काचांचा गट मुद्दाम लहान ठेवतात. हलका गट चटकन निघतो आणि चटकन थांबतो. बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व समोरून धावत येतो तेव्हा फोकसला दर क्षणी नवी जागा गाठायची असते. तिथे मोटरच्या ताकदीइतकंच काचेचं वजन महत्त्वाचं ठरतं. २४-१२० मध्ये तर असे दोन गट आहेत आणि त्यांना वेगवेगळ्या मोटरी हलवतात. त्यामुळे अगदी ३५ सेंटीमीटरवरूनही चित्र बिघडत नाही. कासच्या पठारावर गुडघे टेकून फुलं टिपणाऱ्यांना याचं मोल कळेल.

याची एक उणी बाजू आहे. फोकसच्या बिंदूंनाही तोच प्रकाश मिळतो जो लेन्स आत सोडते. एफ ४ वर तो अर्धा, शिवाय डावी आणि उजवी कड एकमेकींच्या जवळ, म्हणजे 'उडी' लहान आणि मोजायला अवघड. मिणमिणत्या दिव्यात एफ ४ ची लेन्स एफ २.८ च्या आधी पुढे-मागे चाचपडायला लागते. ४० एफ २ सोबत ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

जुन्या निकॉन लेन्सबद्दल एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगते. १९८५ साली मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्याने ऑटोफोकस एसएलआर (आरशाचा फिल्म कॅमेरा) घरोघरी पोचवला तेव्हा मोटर बॉडीत होती आणि एक बारीक स्क्रू लेन्सची काच फिरवायचा. निकॉननेही तोच मार्ग धरला. त्यामुळे त्यांच्या 'एएफ-डी' प्रकारच्या लेन्समध्ये मोटरच नाही. माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या कडीवर, बोट फिरवलं तर खाचेचा तो छोटा स्क्रू हाताला लागतो. एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही. म्हणजे ही लेन्स मिररलेसवर बसते, फोटो येतो, पण फोकस हातानेच करावा लागतो. मला एका दुकानात "अडॅप्टर लावा, सगळं चालतं" म्हणून सांगितलं होतं. त्या भरवशावर जुनी ८०-२०० विकत घेतली आणि पहिल्याच सहलीत बगळ्यांच्या मागे हाताने फोकस फिरवत बसले. जुनी निकॉन लेन्स घेताना नावात 'एएफ-एस' आहे का ते स्वतः वाचा. कॅननवाल्यांना हा त्रास नाही. १९८७ साली ईओएस आणताना कॅननने मोटर लेन्समध्येच घातली, त्यामुळे त्यांच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवरही स्वतः फोकस करतात.

मग वजन वाचतं कुठे?

एक स्टॉप सोडला की वाचतं, ते पाहिलं. आणखी तीन जागा आहेत.

पहिली, आरसा. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा सोडावी लागे. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये ते अंतर ४६.५ मिमी, नव्या झेड माउंटमध्ये १६. वाइड अँगलसाठी शेवटची काच सेन्सरच्या जवळ हवी असते. आरसा होता तोवर ती लांबून चित्र फेकायला जास्तीच्या काचा घालत. आरसा गेला, तशी त्यांची गरजही कमी झाली.

दुसरी, सॉफ्टवेअर. हलक्या झूमचं कच्चं चित्र २४ वर कडेला पिंपासारखं फुगलेलं असतं. कॅमेरा ते आपोआप सरळ करतो, आपल्याला दिसतही नाही. पूर्वी ते काम काचा करायच्या. काहींना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही. कोपऱ्यातले पिक्सेल थोडे ताणले जातात, भिंतीवर लावायच्या मोठ्या छपाईत ते डोळे बारीक करून शोधावे लागतात, आणि त्याच्या बदल्यात पाठीवरचा भार उतरतो.

तिसरी जागा म्हणजे सुरुवातीचा आकडा, आणि इथे मी सोडायला तयार नाही. सिग्माची २८-७० एफ २.८ फक्त ४७० ग्रॅमची आहे, टॅमरॉनच्या २८-७५ एफ २.८ ची दुसरी आवृत्ती ५४० ग्रॅमची. एफ २.८ आणि तरी हलकी! गुपित २८ मध्ये आहे. २४ वर लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ८४ अंश बघते, २८ वर ७५. हे नऊ अंश सोडले की काचांचा मोठा भार उतरतो. लग्नसमारंभात किंवा माणसांच्या फोटोत ते नऊ अंश आठवणारही नाहीत. पण कोकणकड्याच्या टोकावर उभं राहून तो वाटीसारखा आत वळलेला कडा एका चौकटीत बसवायचा असेल, किंवा एखाद्या वाड्याच्या चौकात भिंतीला पाठ लावून चारी बाजूंचे खांब घ्यायचे असतील, तर मागे जायला जागाच नसते. पुढच्या, म्हणजे ७० च्या टोकाला कमी पडलं तर फोटो कापता येतो, मागच्या, म्हणजे २४ च्या टोकाला कमी पडलं तर काहीच करता येत नाही. याच कारणाने सोनीवाल्यांना मी २०-७० एफ ४ सुचवते. ४८८ ग्रॅममध्ये ती २० पासून सुरू होते. सोनीचीच २०१६ ची २४-७० एफ २.८ जीएम ८८६ ग्रॅमची होती. २०२२ मध्ये आलेली तिची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमवर आली, तेव्हा ज्यांना एफ २.८ सोडवतच नाही त्यांच्यासाठी तीही वाट आहे, खिसा मात्र चांगलाच हलका होतो. कॅननमध्ये आरएफ २४-१०५ एफ ४ ही ७०० ग्रॅमची, आणि तिचंच स्वस्त भावंड एफ ४-७.१ ही ३९५ ग्रॅमची.

एकाच लेन्समध्ये सगळं, हा मोह वेगळा. निकॉनची २४-२०० फक्त ५७० ग्रॅमची आहे. पण २०० वर ती एफ ६.३ ला पोचते, म्हणजे एफ २.८ च्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा प्रकाश. भर उन्हात लडाखमध्ये फिरणाऱ्याला ती सोन्यासारखी. पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडणाऱ्याने विचार करून घ्यावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उजेड कमी आणि लेन्स बदलायला कोरडी जागा मिळणं त्याहून कमी, हा पेच मलाही सुटलेला नाही.

छोट्या सेन्सरचे कॅमेरे असतील तर हे सगळं आणखी हलकं होतं. सिग्माची १८-५० एफ २.८ तर २९० ग्रॅमची आहे. अशी बॉडी असताना केवळ वजनासाठी घरचं सगळं विकून दुसरीकडे जायची गरज नाही.

आधी आपलेच फोटो विचारा

पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. प्रत्येक डिजिटल फोटोच्या आत तो कुठल्या लेन्सने, किती मिमीवर, कुठल्या एफ नंबरवर काढला याची नोंद असते. लाइटरूम किंवा फुकट मिळणारं डिजीकॅम अशा फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये ती नोंद चाळणीसारखी वापरता येते. मी तीन वर्षांच्या भटकंतीचे फोटो असे गाळून पाहिले. फक्त ठेवलेले, कोणाला तरी दाखवलेले. एफ २.८ वरचे फोटो अगदी थोडे निघाले, आणि त्यातलेही बरेचसे घरच्या बारशाचे, वाढदिवसांचे. डोंगर, देवळं, बाजार यांचे बहुतेक फोटो एफ ५.६ ते एफ ८ मध्ये होते. तिथे जड आणि हलक्या लेन्सचा फोटो शेजारी ठेवला तर मला स्वतःला ओळखता येत नाही. दुसरी एक गोष्ट दिसली जी मला माहीतच नव्हती: फोटोंचा मोठा ढीग ७० मिमीवर साचला होता आणि त्यातले कितीतरी मी नंतर कापून मोठे केले होते. म्हणजे मला कमी पडत होता तो प्रकाश नव्हता, पल्ला होता.

तुमची चाळणी वेगळं सांगेल. रात्रीच्या विसर्जन मिरवणुका, मंदिरातली भजनं, रंगमंच हेच तुमचं काम असेल तर जड लेन्स ठेवा आणि ती कमरेच्या पट्ट्यावर वागवायची सोय करा, तिची जागा कोणी घेणार नाही. लग्नाची कामं करणाऱ्यांना तर मी बदल सुचवणारच नाही. एफ २.८ त्यांच्या पोटापाण्याचं साधन आहे.

मनात ठरली की ती लेन्स आधी भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत दिवसाच्या हिशोबाने लेन्स मिळतात. दुकानात पाच मिनिटं हातात धरून वजन कळत नाही, दिवसभर गळ्यात अडकवून कळतं. चढावर न्या. एका हाताने झूम फिरवता येतो का बघा. निकॉनच्या २४-७० एफ ४ मध्ये फोटो काढण्याआधी नळी पिळून उघडावी लागते. बंद केली की ती नऊ सेंटीमीटरपेक्षा लहान होते हा फायदा, पण घाईत ती उघडायची राहते हाही अनुभव येईल. फिल्टर असतील तर त्यांचा व्यास जुळतो का तेही बघा. माझ्या जुन्या लेन्सचे ७७ मिमीचे फिल्टर २४-१२० ला तसेच बसले, २४-७० एफ ४ ला ७२ चे लागले असते.

सेकंडहँड घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून समोरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स ठेवून द्या. आपल्या दमट हवेत, कोकणात तर जास्तच, चामड्याच्या पिशवीत पावसाळाभर पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, मग ती कितीही महाग असो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्या आणि त्या अधूनमधून बदलल्या तरी पुष्कळ काम होतं. आणि विकायची असलेली जड लेन्स लगेच विकू नका. नवीन घेऊन दोन सहली करा. जुनी एकदाही आठवली नाही तर मग विका.

मी २४-१२० घेतली, चाळणीने सांगितलं म्हणून. नुसतं गड चढणाऱ्या मैत्रिणीला मात्र २४-७० एफ ४ घ्यायला लावली, तिला पल्ल्यापेक्षा ग्रॅम जास्त मोलाचे. माझा काटा आता बॉडीसकट १,३०५ दाखवतो, म्हणजे ४०५ ग्रॅम कमी, आणि ४० एफ २ सॅकच्या वरच्या खणात मोज्यात गुंडाळलेली असते. जुनी ९०० ग्रॅमची लेन्स बारशांसाठी कपाटातल्या डब्यात आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा टोलार खिंडीने गेले. मावशी त्याच जागी होत्या. या वेळी कॅमेरा गळ्यातच होता, झाकण काढलेला. त्यांनी लिंबू पिळायला घेतलं, मागून ऊन येत होतं, आणि थेंब ग्लासात पडायच्या आत मी बटण दाबलं. ७८ मिमी, एफ ४, १/५०० सेकंद. त्यांना स्क्रीनवर दाखवला तेव्हा त्या आधी स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "एक कागदावर काढून आण." तो फोटो आता छापून आणायचा आहे.